‘राजवाडा आज बंद आहे’: बँकॉकमधला नीलमाचा सापळा

बँकॉकच्या ग्रँड पॅलेसच्या भिंतीलगत इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस तुम्हाला थांबवतो. आज बौद्ध सण आहे, आत पूजा चालू आहे, परदेशी पाहुण्यांना एक वाजल्यानंतरच सोडतील, असं तो हळहळत सांगतो. इथेच फसवणूक सुरू होते.

राजवाडा रोज सकाळी साडेआठला उघडतो आणि दुपारी साडेतीनपर्यंत तिकिटं मिळतात. राजघराण्याचा समारंभ असला तर क्वचित बंद असतो, पण ते अधिकृत वेबसाइटवर आधीच कळतं. कोणी काहीही सांगो, ना फ्रा लान रस्त्यावरच्या विसेत चाई सी दरवाजापर्यंत चालत जा आणि गणवेशातल्या रक्षकाला विचारा. भिंत लांबच लांब आहे. हे लोक दरवाजापासून दूर, तो दिसणार नाही अशाच ठिकाणी उभे असतात.

मग तो नकाशा काढून तीन खुणा करतो: वाट (म्हणजे मंदिर) इंथाराविहानची 32 मीटर उंच उभी बुद्धमूर्ती, एखादं ‘लकी बुद्ध’ मंदिर आणि ‘सरकारी निर्यात केंद्र’. तेवढ्यात टुकटुक, म्हणजे तिथली तीनचाकी रिक्षा, येते. दोन-तीन तासांचे फक्त 20 किंवा 40 बाट! बँकॉकमध्ये टॅक्सीचं मीटरच 35 बाटपासून सुरू होतं. मग या फेरीचे उरलेले पैसे कोण देतं? दुकान देतं. गिऱ्हाईक आणल्याबद्दल चालकाला पेट्रोलची कुपनं मिळतात, खरेदी झाली तर कमिशन वेगळं.

सगळ्यात घातक टप्पा त्या शांत मंदिरातला. तिथे दुसरा एक सभ्य माणूस ‘सहज’ भेटतो. आपण नोकरदार आहोत म्हणतो, गप्पा मारतो आणि बोलता बोलता सांगतो की निर्यात केंद्रातल्या करमाफीचा आज शेवटचा दिवस आहे, आपणही नीलम घेऊन परदेशात दुप्पट भावाने विकले. पहिल्या माणसावर तुमचा विश्वास नसतो, पण एकमेकांना न ओळखणारी तीन माणसं तेच सांगू लागली की शंका विरते. खरं तर तिघं एकाच टोळीतले असतात.

दुकानातले खडे बहुतेक वेळा खोटे नसतात, आणि खरी मेख तीच आहे. नीलम किंवा माणिक असतो, पण हलक्या प्रतीचा, रंग खुलवण्यासाठी तापवलेला, आणि भाव त्याच्या लायकीच्या कित्येक पट. प्रमाणपत्र दुकानाचंच. खडा खरा, पावती खरी, भाव तुम्ही मान्य केलेला. मग पोलिसांनी गुन्हा कशाचा नोंदवायचा? झवेरी बाजारात तो विकायला नेलात तर दिलेल्या पैशांच्या जवळपासही कोणी येणार नाही. पार्सल आम्हीच घरी पाठवतो, हा आग्रहही हेतुपुरस्सर असतो: तुम्ही थायलंड सोडेपर्यंत खडे पारख्याच्या हाती पडू नयेत.

पैसे दिले गेलेच असतील तर पार्सल पाठवू देऊ नका. खडे आणि पावती घेऊन त्याच दिवशी टुरिस्ट पोलिसांना 1155 वर फोन करा. इंग्रजीत बोलता येतं. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेलाही लगेच कळवा. अनेकदा दुकान मोठी रक्कम कापून खडे परत घेतं, पण त्यासाठी तुम्ही शहरात असायला हवं.

फिरून परत येईपर्यंत तिकीटखिडकी बंद झालेली असते, हे नुकसान कोणी मोजत नाही. 500 बाटच्या तिकिटात पन्ना-बुद्धाचं मंदिर वाट फ्रा केओ येतं. (मूर्ती पन्न्याची नाही, हिरव्या जेडची आहे, ऋतूनुसार वर्षातून तीनदा राजा तिचा पोशाख बदलतो.) त्याच्या ओवरीत रामकियन, म्हणजे थाई रामायण, 178 भित्तिचित्रांत सलग रंगवलेलं आहे. आपल्या माणसांनी तर ते तासभर तरी पाहायला हवं.

था तियन धक्क्याजवळ हीच युक्ती ‘वाट फो बंद आहे, बोटीने फिरवतो’ अशी चालते. तिथून नदीपलीकडच्या वाट अरुण मंदिराकडे नेणारी साधी होडी अवघ्या काही बाटमध्ये मिळते.

राजवाड्याला जाताना एमआरटी मेट्रोने सनाम चाई स्टेशनला उतरून चालत जा, किंवा नदीवरच्या एक्स्प्रेस बोटीने था चांग धक्क्यावर उतरा. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या, नाहीतर कपड्यांच्या नावाखाली अडवायलाही बाहेर लोक उभेच असतात.