घरच्यांसाठी काय: सूर्यनमस्कार की अय्यंगार योग?

दोन्हींची मुळं महाराष्ट्रात रुजलेली. सूर्यनमस्काराचा प्रसार केला औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, तर अय्यंगार योगाचे जनक बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि १९७५ मध्ये तिथे त्यांची संस्था उभी राहिली.

घरात लहान मुलं असतील तर माझं मत सूर्यनमस्काराला. सतरंजीपुरती जागा पुरते, खर्च काही नाही, आणि मुलांना हालचाल हवी असते, एका जागी थांबणं नको. ‘ॐ मित्राय नमः’पासून बारा नावं म्हणत गेलं की बारा नमस्कार आपोआप होतात, मोजत बसायला नको. पण शाळेच्या घाईत भराभर उरकलेल्या बारापेक्षा श्वास सांभाळून घातलेले चार बरे.

आजी-आजोबांचं गणित निराळं. गुडघे, कंबर किंवा रक्तदाबाची तक्रार असेल तर वारंवार खाली वाकणं झेपत नाही. तिथे अय्यंगार पद्धत सरस: भिंत, खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे, लोड यांच्या आधाराने आसन जमतं आणि त्यात थांबताही येतं. अडचण एकच, पण मोठी. जाणता शिक्षक लागतोच. व्हिडिओ बघून शीर्षासनाच्या भानगडीत पडू नये. (खुर्चीही घडीची, डगमगणारी नको.)

पोट मात्र दोन्हींसाठी रिकामं हवं.