पक्ष्यांचे फोटो टाकायचे कुठे: इन्स्टाग्राम की ईबर्ड?

भिगवणच्या रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगो) फोटो काढून आणलेस आणि आता कुठे टाकू म्हणून अडलायस, तर मी इन्स्टा आणि ईबर्ड (पक्षी कुठे, किती दिसले ते नोंदवायची वेबसाइट आणि ॲप) दोन्हीकडे टाकतो म्हणून सांगतो.

पैसे दोन्हीकडे शून्य. फोटोचं म्हणशील तर इन्स्टा साइज कमी करून टाकतं, पिसांचं बारीक डिटेल गेलंच समज, ईबर्डवर मात्र मोठी ओरिजिनल फाइल चालते आणि ती अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या मॅकॉले लायब्ररीत, म्हणजे पक्षी-प्राण्यांच्या फोटो-आवाजांच्या संग्रहात, जाऊन बसते, म्हणजे उद्या कुणी अभ्यासाला पण वापरू शकतं.

कौतुक? इथे इन्स्टाच. लाइक, कमेंट, "कुठली लेन्स रे" वगैरे. ईबर्डवर फार तर 1 ते 5 स्टार, तेही कुणी दिले तर. पण ओळख चुकली तर इन्स्टावर लोक चुकीच्या नावालाच वा वा करतात (माझ्या तुतवारीला झालंय असं), ईबर्डवर नोंदी तपासणारा रिव्ह्यूअर शंका आली की विचारतो.

कष्ट ईबर्डला जास्त, आधी चेकलिस्ट भरा, वेळ, जागा, किती पक्षी, सगळं. आणि घरट्याचं लोकेशन इन्स्टावर टाकू नकोसच, दुसऱ्या दिवशी गर्दी होते.

दाद हवी, फोटोग्राफर मित्र हवेत तर इन्स्टा. नोंद ठेवायचीय, पक्षी नीट शिकायचेत तर ईबर्ड.