मोकाट डुकरं: बंदूक, पिंजरा, विष की कुंपण?

रानटी झालेली डुकरं शेतात घुसली की पहिला विचार बंदुकीचाच येतो, पण माझ्या मते ती सगळ्यात शेवटी. दोन मारली की बाकीचा कळप पांगतो, जागा बदलतो, फक्त रात्रीच बाहेर पडतो आणि मग हाती लागत नाही. मादी साधारण 115 दिवसांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं सहज, त्यामुळे संख्या आहे तेवढीच ठेवायची तरी वर्षाला 70 टक्क्यांच्या आसपास डुकरं काढावी लागतात असा अंदाज धरतात, ते नुसत्या बंदुकीने होणं अवघड. अमेरिकेत मिसूरीच्या संवर्धन विभागाने तर 2016 मध्ये आपल्या जमिनींवर डुकरांची शिकार बंदच केली, कारण शिकारीमुळे पिंजऱ्याचं काम बिघडत होतं.

पिंजरा म्हणजे मोठा गोल वाडा. आत मका टाकायचा, दार बरेच दिवस उघडंच ठेवायचं, कॅमेऱ्यावर बघत राहायचं आणि अख्खा कळप आत आला की मगच मोबाईलवरून दार पाडायचं. इथे घाई केली की संपलं, बाहेर राहिलेली डुकरं पुन्हा त्या वाड्याकडे फिरकत नाहीत! आणि रानात खायला भरपूर असताना मक्याला कोण येतंय, म्हणून टंचाईचे दिवस धरा.

विषाला परवानगी लागतेच. सोडियम नायट्राईटने डुक्कर लवकर मरतं, पण सांडलेले तुकडे पक्षी खातात. 1080 नावाचं दुसरं विष कुत्र्यांसाठी फारच घातक. आसपास राखायचे प्राणी असतील तर मी तरी नाही म्हणेन.

कुंपणाने डुक्कर कमी होत नाही, ते शेजाऱ्याकडे जातं, पण छोटा तुकडा, रोपवाटिका किंवा कासवांची घरटी वाचवायला यासारखं दुसरं काही नाही. झटक्याची खालची तार डुकराच्या नाकाला लागेल एवढ्या उंचीवर हवी, नाहीतर ते खालून उकरून आत शिरतं.

कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटावर मात्र सगळं एकत्र वापरलं. कुंपणाने बेटाचे 5 भाग केले आणि 2005-06 मध्ये पिंजरे, हेलिकॉप्टर, शिकारी लावून 5,000 च्या वर डुकरं काढली. तिथे पिल्लांवर सोनेरी गरुड जगत होते आणि तेच गरुड बेटावरचे छोटे कोल्हे संपवत होते, गरुड हलवले, डुकरं गेली आणि कोल्हे पुन्हा वाढले.

तुमचा तुकडा लहान असेल आणि शेजारी साथ देत नसतील तर कुंपण घाला, चार-पाच जण एकत्र येणार असाल तर पिंजरा, बंदूक फक्त उरलेल्या एकट्या-दुकट्यासाठी. जिथे रानडुक्कर मूळचंच आहे तिथे मात्र हे काही लागू नाही, तिथे कुंपणच, आणि बाकी काहीही करण्याआधी वनखात्याला विचारा.