सुट्टीत मैत्रिणीला जर्मनीला बोलवायचं की आपणच नाशिक गाठायचं?

जर्मनीत शिकणाऱ्या नाशिककर मुलींमध्ये सेमिस्टर संपत आलं की हा विषय निघतोच. शाळेपासूनची मैत्रीण आहे, तिच्याबरोबर आठ-दहा दिवस मनसोक्त भटकायचंय. तिने यायचं की आपण जायचं? 'भेटू गं, ठरवू' असं व्हॉट्सअ‍ॅपवर चालू राहतं आणि तोवर विमानाची तिकिटं वर जातात.

आधी कॅलेंडर काढा, पण फक्त स्वतःचं नको. हिवाळी सत्राची लेक्चर्स साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असतात, उन्हाळी सत्राची जुलैपर्यंत. त्यामुळे बहुतेक विद्यापीठांत फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबर मोकळे दिसतात. दिसतात, एवढंच. परीक्षा याच काळात येतात, एखाद्या विषयाची दुसरी तारीख थेट सुट्टीच्या शेवटी पडते आणि घरी बसून लिहायचा निबंध डोक्यावर असतो तो वेगळाच. तरी आपल्याला दिवस पुढेमागे करता येतात. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या मैत्रिणीला ते जमत नाही. तिच्या पगारी रजा (पीएल) मोजक्या, त्यातल्या अर्ध्या घरातल्या लग्नांत गेलेल्या. युरोपला यायचं तर येण्याजाण्यातच दोन-तीन दिवस जातात, म्हणजे सलग मोठी रजा हवी. आपण नाशिकला गेलो तर दोन शनिवार-रविवार आणि मधली एखादी सुट्टी एवढ्यात भागतं. माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

उरलेला व्हिसावर. तिला शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा व्हिसा लागणार. त्याची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, वर सेवाशुल्क, आणि व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. बँकेचं स्टेटमेंट, आयटी रिटर्न, पगाराच्या स्लिपा, कंपनीचं रजा मंजूर केल्याचं पत्र, राहण्याची सोय, येण्याजाण्याचं बुकिंग असा गठ्ठा घेऊन मुंबई किंवा पुणे गाठायचं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत जाऊ शकतात, आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळवणं हेच एक काम होऊन बसतं. 'मी आहे ना इकडे, मी हमी देते' असं आपण फोनवर सहज म्हणून जातो. खर्चाची औपचारिक हमी देता येते हे खरं, पण त्यासाठी आपलं उत्पन्न दाखवावं लागतं आणि विद्यार्थ्याच्या अर्धवेळ पगारात ते सहसा बसत नाही. तेव्हा तिचा अर्ज तिच्याच बँक खात्याच्या जोरावर उभा राहायला हवा. तिचं नुकतंच लागलेलं काम असेल, खात्यात फारसं काही नसेल, तर या वर्षी तिला या धावपळीत ओढू नका.

आपल्या बाजूने नाशिकला जायला असली भानगड नाही. फक्त निवास परवान्याची मुदत सुट्टीतच संपत नाहीये ना, एवढं निघण्यापूर्वी बघा.

पैशाचं गणित मात्र सरळ नाही. ब्लॉक खात्यातून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं, दरमहा ठरावीक रक्कम सोडणारं खातं) महिन्याला ९९२ युरो मिळतात, ते रुपयांत ऐकलं की नाशिकला सगळ्यांना आपण श्रीमंत वाटतो. भाडं आणि आरोग्य विमा भरल्यावर काय उरतं हे आपलं आपल्याला माहीत. ती इकडे आली तर विमान, व्हिसा, विमा सगळं तिच्या खिशातून. आपण खोली देऊ शकतो (वसतिगृहात पाहुणा किती रात्री चालतो ते आधी विचारा) आणि स्वयंपाक. फिरायला डॉइचलांड-टिकीट, म्हणजे देशभर चालणारा मासिक पास आहेच. जानेवारी २०२६ पासून ते महिन्याला ६३ युरोंना आहे, लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीई या वेगवान गाड्यांना नाही. थेट ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत त्यावर जाता येतं. पण ते वर्गणीचं तिकीट आहे. चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात. ती पाहुणी परत नाशिकच्या सिडकोत पोचलेली असते आणि तिकीट इकडे चालूच!

नाशिकला उलट. मोठा खर्च आपल्या विमानाचा, बाकी किरकोळ. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाल्यापासून मुंबईहून येताना कसारा घाटाची कटकटही चुकवता येते. फक्त तिथे मैत्रीण आपल्याला पाकीट काढू देत नाही. मिसळीपासून पेट्रोलपर्यंत 'तू पाहुणी आहेस' चालू. दोन-चार दिवसांनी ते अवघड वाटायला लागतं, म्हणून हिशोबाचं अ‍ॅप पहिल्याच दिवशी दोघींच्या फोनवर टाकलेलं बरं.

सोबत म्हणून बघितलं तर दोन्हीकडे एकेक खोट आहे. जर्मनीत सगळं आपल्या अंगावर पडतं. गाडी रद्द झाली तर पर्याय आपण शोधायचा, शाकाहारी काय आहे ते आपण विचारायचं, रविवारी दुकानं बंद म्हणून शनिवारीच सामान भरायचं. ती मागे मागे येते आणि तिसऱ्या दिवशी दोघी वैतागतात. नाशिकला ही अडचण नाही, तिथे अडचण नातेवाइकांची. आत्याकडे जेवण, मामाकडे चहा, 'आली आहेस तर त्र्यंबकला जाऊन ये' यात आठवडा संपतो. मैत्रिणीबरोबरचे दिवस आईला आधीच सांगून टाका, तारखांसकट.

परवानगीची गंमत तर औरच. भंडारदऱ्याला तंबूत एक रात्र म्हटलं की तिची आई विचारणार, "दोघीच? बरोबर कोणी नाही?" आणि सहा-सात हजार किलोमीटरवर जायचं म्हटलं की त्याच काकू म्हणणार, "तू आहेस ना तिथे, मग काय काळजी!" यावर वाद घालण्यात अर्थ नाही, पण ठरवताना हे धरून चाला.

आता ऋतू. फेब्रुवारी-मार्च नाशिकचाच. दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षांची काढणी जोरात असते. कळसूबाईची वाट (१६४६ मीटर) कोरडी असते, आणि हरिहर किल्ल्याच्या खड्या पायऱ्या चढायच्या तर तेव्हाच, पावसाळ्यात तिथे घसरण आणि गर्दी दोन्ही. रंगपंचमी सुट्टीत सापडली तर दुसरा विचारच करू नका. जुन्या नाशकात शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा इथल्या रहाडी (रंग खेळायचे जुने हौद) वर्षभर लाकडं आणि मातीखाली बुजवलेल्या असतात. त्या उघडून रंगाच्या पाण्याने भरतात आणि लोक धपाधप उड्या मारतात. त्याच दिवसांत जर्मनीत आभाळ राखाडी, हात खिशाबाहेर काढवत नाहीत. आल्प्समधला बर्फ बघायचाच असेल तर गोष्ट वेगळी.

ऑगस्ट-सप्टेंबरात पारडं फिरतं. जर्मनीत दिवस मोठा, तळ्यात पोहता येतं, स्वेटर बॅगेच्या तळाशी राहतो. नाशिकचा श्रावण सुंदरच, तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला तर अख्खा जिल्हा लोटतो, पण पावसात बेत निम्मे राहतात. त्यात २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थ कुंभमेळ्याची अमृतस्नानं (मुख्य पर्वणीची स्नानं) आहेत. कुंभमेळाच बघायचा असेल तर जरूर या. निवांत फिरायचं असेल तर ते दोन महिने टाळा.

तिसरा पर्याय म्हणून कोणीतरी थायलंडचं नाव काढतंच. दोघींची तिकिटं लागतात आणि दोघींपैकी कोणालाच तिथलं काही माहीत नसतं. मला तो पटत नाही.

मी निवडायची तर फेब्रुवारीत नाशिकला जाईन आणि तिला पुढच्या ऑगस्टमध्ये बोलवीन. निदान एक सेमिस्टर काढल्याशिवाय बोलवू नका, तोवर आपल्यालाच शहर कळलेलं नसतं. ऑगस्टचं ठरलं तर कागदपत्रं मार्च-एप्रिलपासून गोळा करायला घ्या. नाशिकला असतानाच तिच्या कंपनीचं रजेचं पत्र मिळेल का, ते तिला विचारायला लावा. तिथे नकार आला तर व्हिसाचे ९० युरो तरी वाचतील.