कॉकॅटिएलला (तुरेवाल्या छोट्या पाळीव पोपटाला) पेरू द्यावा की सफरचंद?
सफरचंद बारमाही मिळतं, म्हणून बहुतेक घरांत तेच दिलं जातं. पण बिया आणि गाभा काढल्याशिवाय फोड पिंजऱ्यात ठेवू नये; बी चावली गेली की त्यातल्या अमिग्डालिन या द्रव्यापासून सायनाइड हे विष तयार होतं. सालीवर मेण असेल तर सालही सोलायची. पेरूला ही कटकट नाही. तो बियांसकट चालतो, शिवाय 100 ग्रॅममध्ये क जीवनसत्त्व 200 मिलिग्रॅमच्या आसपास. सफरचंदात जेमतेम 5. माझं मत पेरूलाच, फक्त धुऊन आणि आत अळी नाही ना हे बघून. कुठलंही फळ दिलंत तरी नखाएवढे एक-दोन तुकडे पुरेत, पोट भरायला पेलेट्स (पक्ष्यांचं तयार गोळीखाद्य) आणि पालेभाजी आहेच. उन्हाळ्यात उरलेली फोड तासा-दोन तासांत काढून टाका. अॅव्होकॅडो मात्र चुकूनही नको, पक्ष्यांना तो विषारी असतो.