‘ऑटोक्लेव्हेबल’ शिक्क्याच्या बाटल्या घेताना सावध राहा

रावेर तालुक्यात आमची केळीच्या टिश्यूकल्चरची, म्हणजे झाडाच्या बारीक तुकड्यापासून निर्जंतुक बाटलीत रोपं वाढवण्याची, छोटी लॅब आहे. रोपं आम्ही पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे पीपीच्या बाटल्यांत वाढवतो. धुवायच्या, मीडिया (रोपांचं साखर-आगरचं पोषक मिश्रण) भरायचा, ऑटोक्लेव्ह करायचं, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं, की त्याच बाटल्या परत वापरता येतात. नेमकं हेच हेरून एका डीलरने आम्हाला गंडवलं.

नमुन्याच्या बाटल्या अस्सल होत्या. अर्धे पैसे आगाऊ घेऊन त्याने ट्रान्सपोर्टने खोकी पाठवली. प्रत्येक बाटलीच्या बुडाला त्रिकोणात 5, म्हणजे पीपीची खूण, आणि शेजारी ‘ऑटोक्लेव्हेबल’. आमची नेहमीची सायकल लावली: 121 अंश, 15 पौंड दाब, 20 मिनिटं. झाकण उघडलं तर नव्या बाटल्या खांद्यापाशी बसलेल्या, तोंडं लंबगोल झालेली, आगरसकट मीडिया जाळीवर सांडून चिकटलेला. त्याच घाण्यातल्या जुन्या बाटल्या मात्र जशाच्या तशा.

डीलर म्हणाला, "तुमचं मशीन जास्त तापतंय, मॅडम." जुन्या बाटल्यांचे फोटो पाठवल्यावर म्हणे, "मग ऑटोक्लेव्ह कशाला करता? हायपोक्लोराइटमध्ये बुडवून घ्या." हायपोक्लोराइट म्हणजे ब्लीचचं द्रावण. हा सल्ला मला त्या खोट्या शिक्क्याइतकाच घातक वाटतो. बॅसिलस या जिवाणूचे स्पोअर, म्हणजे त्याची कवचबंद सुप्त रूपं, फार चिवट असतात. 70 टक्के अल्कोहोलने तर ते मरतच नाहीत. शिवाय बाटली बुडवून काढली तरी आतला साखरेचा मीडिया कसा निर्जंतुक होणार?

बाटल्यांअभावी सबकल्चर, म्हणजे रोपं ताज्या मीडियात हलवणं, लांबलं आणि थांबलेली कल्चर काळी पडली. मृगबागेसाठी शेतकऱ्यांनी आमच्याकडे रोपं बुक केली होती. त्यांना तोंड दाखवणं फार जड गेलं.

बाटल्या पीपीच्याच आहेत याचा डीलरचा शेवटचा पुरावा होता, "तुकडा पाण्यात टाका, तरंगेल." तरंगला. पण एचडीपीई हे दुसरं प्लास्टिकसुद्धा पाण्यावर तरंगतं, दिसायलाही तसंच दुधाळ असतं, आणि 121 अंशांना टिकत नाही. फरक कळतो तो अल्कोहोलमध्ये. 70 टक्के अल्कोहोल 100 मिली घेऊन त्यात 40 मिली पाणी घाला. पीपीची घनता 0.90 च्या आसपास, ते वर राहतं, एचडीपीई 0.95 च्या आसपास, ते बुडतं. तुकड्याला चिकटलेले बुडबुडे काडीने झटका, नाहीतर अंदाज चुकतो. आमचे तुकडे बुडाले.

बिलावर त्याने मुद्दाम नुसतं ‘प्लास्टिक जार’ लिहिलं होतं. ग्राहक आयोगाची (पूर्वीच्या ग्राहक मंचाची) वाटही सरळ नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या मालाला ग्राहकाचं संरक्षण मिळत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्यालाच त्यात सूट आहे. त्यामुळे बिलावर ‘पीपी, 121 अंशांना ऑटोक्लेव्हेबल’ असं लिहून घ्या. उरलेले पैसे, प्रत्येक खोक्यातून तुम्ही स्वतः काढलेल्या बाटल्या ऑटोक्लेव्हमधून धड बाहेर आल्यावरच द्या. डीलरने हातात ठेवलेल्या नमुन्यावर अजिबात जाऊ नका.