केळीच्या पानाची ताटं, पळसाच्या वाट्या : आठ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीच्या तोंडावर घेतलेली, पानांचे ठसे उमटवलेली भाजक्या मातीची सहा ताटं, सहा वाट्या आणि चार मग आषाढ लागेपर्यंत आमच्या घरात रोज वापरले गेले. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. शेवभाजीची तर्री, भरताचं तेल आणि घासणीचे रट्टे खाल्ल्याशिवाय भांडं कसं आहे ते कळत नाही.

ही भांडी करणाऱ्या ताई जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्यात, केळीच्या बागांना लागून राहतात. घराची मागची पडवी हाच त्यांचा स्टुडिओ. एका कोपऱ्यात विजेवर फिरणारं चाक, भिंतीला लागून विजेचीच भट्टी, फळ्यांवर वाळत घातलेल्या वाट्या आणि त्यावर ओलं गोणपाट. दाराशी पळसाची, आपट्याची पानं आणि वाळक्या कापसाच्या बोंडांची टोपली. स्वयंपाकघर आणि पडवी यांच्यात एकच उंबरा. आम्ही गेलो तेव्हा चुलीवर वांगी भाजत होती आणि ताई मातीची पोळी लाटत होत्या.

ताट असंच होतं. लाटलेल्या मातीवर केळीच्या पानाचा तुकडा ठेवून वरून लाटणं फिरवायचं. मधला जाड दांडा आणि त्यातून कडेपर्यंत एकमेकींना समांतर गेलेल्या बारीक शिरा, सगळं मातीत उतरतं. पान काढून त्या शिरांमध्ये लोहाचा ऑक्साइड भरायचा आणि वरचा ओल्या स्पंजने पुसून घ्यायचा. त्यामुळे दोन ताटं कधी सारखी निघत नाहीत. आमच्या एका ताटावर पान वाऱ्याने फाटलं होतं ती चीरही आली आहे, आणि माझ्या मुलीने ते ताट स्वतःसाठी राखून ठेवलंय. वाट्यांना पळसाचा ठसा आहे, अर्थात तीनच पानांचा.

रंगाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. घड उतरवल्यावर बांधावर टाकून दिलेली केळीची खोडं ताई वाळवतात, जाळतात आणि ती राख चाळून, धुवून काचलेपात, म्हणजे भट्टीत वितळून भांड्यावर काचेसारखा बसणाऱ्या लेपात घालतात. ही राख लेपातली वाळू आणि फेल्स्पार नावाचं खनिज वितळायला मदत करते. खोडात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे भलं मोठं खोड जाळलं तरी राख अगदी थोडी मिळते. राखेचं पाणी हाताला झोंबतं म्हणून त्या हातमोजे घालतात. भट्टी १२०० अंशांच्या वर गेल्यावर हा लेप वितळून वाटीच्या तळाशी मधासारखा साचतो. वरण संपलं की तो रंग दिसतो. मला दर वेळी बरं वाटतं.

खानदेशात हे कुणीतरी करावं याचं मला अप्रूप आहे, पण नवल नाही. तापीकाठच्या प्रकाशे गावात १९५५ साली उत्खनन झालं आणि ताम्रपाषाण काळातली, म्हणजे माणूस तांबं आणि दगड दोन्ही वापरायचा तेव्हाची खापरं निघाली. त्याच काळातल्या, तापीकाठच्याच सावळदा संस्कृतीच्या मडक्यांवर तर मासे आणि प्राणी रंगवलेले आहेत. आजूबाजूला दिसेल ते मातीवर काढायची इथली सवय सुमारे चार हजार वर्षांची आहे.

आता वापराचं. कळण्याची भाकरी आणि ठेचा या ताटात फार छान दिसतो, आणि आधी गरम पाण्याने विसळून घेतलं तर जेवण संपेपर्यंत भाजी कोमट राहते. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "हाई ताट भलतं जड शे." खरंच जड आहे. सहा ताटं एकदम उचलायला दोन्ही हात लागतात, त्यामुळे सणावाराला आम्ही स्टीलकडेच वळतो.

वाट्यांना बोट ठेवायला जागा नाही. तर्रीचा, हळदीचा डाग राहत नाही, मायक्रोवेव्हमध्येही चालतात. फ्रीजमधून काढून लगेच उकळती आमटी मात्र ओतू नका, ताईंनी आधीच बजावलं होतं.

ताटांचं तसं नाही. शिरांच्या खाचांत भरताचं तेल बसतं, मऊ ब्रश लागतोच. लेप मॅट असल्यामुळे स्टीलच्या चमच्याच्या करड्या रेघा उमटतात. ते ओरखडे नसून चमच्याचा धातू घासून लागलेला असतो, खायच्या सोड्याच्या पेस्टने निघतो. पण दर पंधरा दिवसांनी कोण घासणार? एक ताट किंचित डुगडुगायचं आणि त्याच्या बिनलेपाच्या बुडाने टेबलावर चरे पाडले. मार्चमध्ये सांगितल्यावर ताईंनी कुरकूर न करता बदलून द्यायचं कबूल केलं.

मगांपैकी एकाच्या आत केसासारख्या रेघांचं जाळं आलं आणि त्यात चहा मुरला. थंड होताना लेप मातीपेक्षा जास्त आकसला की असं होतं. गळत नाही, पण त्यात आता मी पेनं ठेवते. बाकीचे तीन धडधाकट आहेत.

पहिल्यांदा घेत असाल तर वाट्या घ्या. ताटं दोनच घ्या, रोजच्यासाठी नको. आणि घाई असेल तर उन्हाळ्यात ऑर्डर देऊ नका. पारा ४५ कडे गेला की ताटाची कड तळाआधी वाळते आणि तडकते, म्हणून मे महिन्यात ताई मोठं काही करतच नाहीत. माझं बदली ताट त्यामुळेच लांबलं. परवा त्यांचा फोन आला, पाऊस झाल्यावर पहिली भट्टी लागली आणि ते निघालंय. या वेळी पान कोवळं होतं, शिरा जरा फिक्या आल्यात, चालेल का, असं विचारत होत्या. मी चालेल म्हटलं.